यंत्रमागाच्या गावातून आफ्रिकेच्या अरण्यात

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट, गोदामांच्या लांबच लांब रांगा आणि अंजूर फाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंत खोळंबलेली वाहने एवढेच चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते. या गावातील माणूस हौसेने फिरायला निघतो, हे अनेकांना पटत नाही. वस्तुस्थिती अशी की, गेल्या काही वर्षांत भिवंडीतील ज्येष्ठ दांपत्ये दुबई, सिंगापूर, युरोप अशा सहलींना मोठ्या संख्येने जाऊ लागली आहेत. आफ्रिका खंडाचे नाव मात्र अजूनही क्वचितच ऐकू येते. एका दांपत्याने ऑगस्ट २०२४ मध्ये तेरा दिवसांचा दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि बोट्स्वाना असा प्रवास केला. तिकडे जाण्याची इच्छा असूनही आहार, खर्च आणि प्रकृती या तीन कारणांनी जे थबकतात, त्यांना या प्रवासाची हकिगत उपयोगी पडावी. उभयतांच्या इच्छेनुसार येथे त्यांची नावे दिलेली नाहीत.

यजमानांचे वय अडुसष्ट. वडिलोपार्जित चोवीस मागांचा कारखाना त्यांनी चव्वेचाळीस वर्षे स्वतः उभे राहून चालविला. पत्नी पासष्ट वर्षांच्या. मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. धोट्याच्या मागाचा आवाज ज्याने जवळून ऐकला आहे, त्याला वेगळे सांगावयास नको की त्या आवाजात आयुष्य काढणाऱ्याचे कान शाबूत राहणे कठीण. यजमानांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि डाव्याने अर्धेमुर्धे. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवून आठ वर्षे झाली होती. पण ‘कारखान्यात त्याचा काय उपयोग’ म्हणून त्यांनी ते टाळले. बाईंनी एकतीस वर्षे फळ्यावर टांगलेल्या नकाशावर छडी ठेवून झांबेझी नदी दाखविली. व्हिक्टोरिया धबधबा प्रत्यक्ष पाहावा ही त्यांची इच्छा घरात सर्वांना ठाऊक होती आणि सर्वांनी ती गमतीवारी नेली होती.

२०२३ च्या दिवाळीनंतर कारखाना बंद झाला. साध्या मागांवरच्या ग्रे कापडाला भाव उरला नव्हता, कामगार मिळत नव्हते आणि विजेचे बिल मात्र वेळेवर येत होते. चोवीस माग किलोच्या भावाने भंगारात गेले. भिवंडीत हे दृश्य नवे नाही. तथापि, ज्या घरातील माग जातात त्या घरात चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही. भंगाराचे पैसे हाती आल्यावर मुलाचे म्हणणे असे की, ती रक्कम गोदामासाठी घेतलेल्या कर्जात भरावी, व्याज वाचेल. ते हिशेबाने बरोबरच होते. यजमानांनी एकदाच सांगितले, “ते माग तुझ्या आईच्या पगारावर उभे राहिले होते. त्र्याण्णवच्या मंदीत तीन महिने तिच्या पगारातून कामगारांची मजुरी दिली आहे.” मुलाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. अखेर निम्मी रक्कम कर्जात गेली. उरलेली निम्मी आणि बाईंच्या निवृत्तीनंतरच्या मुदत ठेवींपैकी एक, यांतून प्रवासाचा खर्च करण्याचे ठरले. सुनेने त्याच आठवड्यात पारपत्रांच्या नूतनीकरणाचा अर्ज भरून टाकला, हेही नमूद करावयास हवे.

दोघांचा मिळून खर्च ११ लाख ६० हजार रुपये झाला. येथे एक आर्थिक बाब वाचकांनी ध्यानात घ्यावी. परदेश सहलीचे पॅकेज घेताना सहल कंपनी आयकर कायद्यानुसार आपल्याकडून मुळातून कर वसूल करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या आणि या प्रवासाच्या वेळी चालू असलेल्या नियमाप्रमाणे, एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात भरलेल्या पहिल्या ७ लाखांवर ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के असा तो दर होता. सगळी रक्कम यजमानांच्या एकट्याच्या नावे भरली असती, तर ३५ हजार अधिक ९२ हजार, म्हणजे १ लाख २७ हजार रुपये अडकून पडले असते. बाईंचे स्वतःचे पॅन, स्वतःचे खाते आणि स्वतःचे निवृत्तिवेतन असल्यामुळे दोघांनी आपापल्या खात्यातून ५ लाख ८० हजार भरले आणि प्रत्येकी २९ हजार, म्हणजे एकूण ५८ हजार रुपयांवर काम भागले. हा कर बुडत नाही. विवरणपत्र भरताना त्याची वजावट अथवा परतावा मिळतो. परंतु वर्षभर बिनव्याजी पैसा का गुंतवावा? त्यानंतर मर्यादा व दर बदलले आहेत, तेव्हा जाणाऱ्याने चालू वर्षाचा नियम पाहूनच धनादेश लिहावा. अनेक घरांत पत्नीच्या नावे खाते असते पण व्यवहार नसतो. त्याचा तोटा अशा वेळी कळतो.

मुंबईहून जाताना नैरोबी किंवा आदिस अबाबा येथे विमान बदलण्याचा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो. मात्र केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत असल्याने तेथे थांबा लांबला, तर लसीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न उद्भवतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आजन्म चालते. वयाची साठी ओलांडलेल्यांनी ही लस डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, असे असल्याने या दांपत्याने थोडे अधिक पैसे मोजून दुबईमार्गे जाणे पसंत केले. व्हिसाचे नियम प्रत्येक देशाचे निराळे. ते आधी पाहून ठेवलेले बरे.

आहाराची चिंता सर्वांत मोठी होती, कारण बाईंचा चौविहार गेली बावीस वर्षे अखंड आहे आणि दोघेही कंदमूळ घेत नाहीत. खाखरे, मेथीचे ठेपले, भाजलेली मूगडाळ, तांदूळ आणि सुंठीची पूड असे सामान बांधले गेले. सोबत एक छोटा विजेचा कुकर होता. त्याबाबत एक उपयुक्त माहिती अशी की, दक्षिण आफ्रिकेतील जुन्या पद्धतीची विजेची खोबण ही आपल्याकडे गिझर किंवा वातानुकूलन यंत्रासाठी असते त्या मोठ्या तीन पिनांच्या खोबणीसारखीच आहे. यजमानांनी कुकरला तशी पिन बसवून घेतली आणि प्रवासभर कुठेही अडचण आली नाही.

जोहान्सबर्गमध्ये एकच दिवस होता. तो कॉन्स्टिट्यूशन हिल येथील जुना तुरुंग पाहण्यात गेला. महात्मा गांधी आणि नेल्सन मंडेला हे दोघेही या तुरुंगात काही काळ बंदी होते; आज त्याच आवारात त्या देशाचे घटना न्यायालय आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १८९४ मध्ये मुंबईस श्रीमद् राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले होते, हे आपल्या वाचकांस ज्ञात आहेच. तरुण बॅरिस्टर परक्या देशात धर्माविषयी संभ्रमात पडतो आणि उत्तर मागतो ते मुंबईतील एका जवाहिऱ्याकडे, हे त्या भूमीवर उभे राहून आठवणे वेगळे असते, असे बाई सांगतात.

तेथून मोटारीने सुमारे सहा तासांवर क्रुगर राष्ट्रीय उद्यान. याचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. तुलनेसाठी सांगायचे तर आजचा ठाणे जिल्हा ४,२०० चौरस किलोमीटरचा. म्हणजे साडेचार ठाणे जिल्हे मावतील एवढे हे एकच रान. १८९८ मध्ये साबी अभयारण्य म्हणून त्याची सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची वेगमर्यादा, ठरलेल्या जागेखेरीज गाडीतून पाय खाली ठेवण्यास मनाई आणि ऑगस्टमध्ये सायंकाळी सहाच्या आत मुक्कामाच्या कुंपणात परत येण्याची सक्ती. या नियमांना तेथे अपवाद नाही. आपल्याकडे नियम लिहिलेला असतो तो कोणासाठी, हा प्रश्न पडावा इतकी ती शिस्त कडक आहे.

मुक्कामाचे नाव ऐकून दोघेही चकित झाले. क्रुगरच्या मध्यभागातील या विश्रांतितळाचे नाव आहे ‘सातारा’. कोणी सातारकर तेथे पोचला असावा अशी कल्पना प्रथम येते. हकिगत निराळी आहे. फार पूर्वी या भागाची मोजणी होऊन जमिनींना क्रमांक देण्यात आले, तेव्हा मोजणीदाराच्या हाताखाली एक भारतीय मदतनीस होता. या तुकड्याचा क्रमांक सतरा. त्याने आपल्या भाषेत ‘सत्रा’ म्हटले; ते कागदावर उतरताना ‘सातारा’ झाले, असे उद्यानाचे व्यवस्थापनच सांगते. त्या मदतनिसाचे नाव कुठे आढळत नाही. अजिंक्यताऱ्याशी याचा संबंध नसला तरी परक्या मुलखातील फलकावर ते नाव वाचताना मराठी माणसाला बरे वाटतेच. यजमानांनी त्या फलकापाशी छायाचित्र काढून साताऱ्याच्या व्याह्यांना पाठविले.

साताऱ्याभोवतालचा प्रदेश सपाट गवताळ आहे. गवत खाणारे प्राणी तेथे विपुल आणि म्हणून सिंहही विपुल. ऑगस्ट हा तिकडचा कोरडा हिवाळा. गवत वाळून खाली बसलेले, झाडांची पाने झडलेली आणि प्राणी पाणवठ्याच्या आसपास. डासही या दिवसांत कमी असतात. जिराफ, झेब्रे, वाइल्डबीस्ट आणि अक्षरशः हजारोंनी इंपाला हरणे पहिल्याच दिवशी दिसली. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस या पाचांना ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. हे नाव पर्यटकांनी दिलेले नाही. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोकादायक, त्यांची ही शिकाऱ्यांनी केलेली यादी. आज तेच शब्द सहलीच्या जाहिरातीत वापरले जातात, हे जरा विचित्रच.

दुसऱ्या पहाटे पाचच्या सुमारास उद्यानाच्या उघड्या गाडीतून ते निघाले. थंडी एवढी की पांघरुणे दिलेली होती. उजाडता उजाडता वाटाड्याने गाडी थांबवून इंजिन बंद केले. अंधुक प्रकाशात कुठेतरी सिंह गर्जत होता. सिंहाची गर्जना आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते. गाडीतील सर्वजण श्वास रोखून ऐकत होते आणि यजमान मात्र समोरच्या झुडपाकडे पाहत स्वस्थ बसले होते. त्यांना काहीच कळले नव्हते. बाईंनी त्यांचा हात धरून गाडीच्या लोखंडी दांड्यावर ठेवला. सिंह जवळच असावा, कारण दांडा सूक्ष्म थरथरत होता. ते यजमानांना जाणवले. मग त्यांनी बाईंकडे पाहिले आणि पुन्हा समोर पाहिले. आठ वर्षे डॉक्टर जे पटवू शकले नाहीत ते त्या दोन मिनिटांत पटले, असे बाईंचे मत आहे. ते स्वतः याविषयी बोलत नाहीत.

पुढे अर्ध्या किलोमीटरवर पाच सिंहिणी मारलेल्या वाइल्डबीस्टवर बसलेल्या होत्या. ‘सिंह पाहायला जाताय, मग हिंसाही पाहावी लागेल,’ असे भिवंडीत अनेकांनी बजावले होते. बाईंनी मान फिरविली नाही. सिंहिणी खात होत्या, दोन कोल्हे अंतर राखून बसले होते, निष्पर्ण झाडावर गिधाडे थांबलेली होती आणि शंभर पावलांवर उरलेला कळप पुन्हा चरू लागला होता. त्यांच्या मनाला टोचले ते दुसरेच. तोवर सात-आठ खासगी मोटारी तेथे जमल्या आणि चांगली जागा मिळावी म्हणून त्या एकमेकींना अडवू लागल्या. एका मोटारीतील मंडळी तर हसत होती. “त्या पाचजणींना भूक होती,” बाई म्हणाल्या, “या मंडळींना कसली होती ते कळले नाही.” त्यांनी वाटाड्याला पुढे निघण्याची विनंती केली आणि गाडीतील इतरांनीही ती मान्य केली.

गेंडा तिसऱ्या दिवशी दिसला, पण शिंगाविना. केसा-नखांच्याच द्रव्याचे बनलेले हे शिंग औषधी असल्याच्या समजुतीपायी काळ्या बाजारात प्रचंड किमतीला जाते. दक्षिण आफ्रिकेत २०१४ या एका वर्षात १,२१५ गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले. २०२३ मध्ये हा आकडा ४९९ होता. गेंडा वाचावा म्हणून आता वनखात्याचेच लोक त्याला गुंगी देऊन शिंग कापतात. ते पुन्हा वाढते आणि पुन्हा कापावे लागते. ज्याचे नावच शिंगावरून ओळखायचे, तो प्राणी शिंग नसल्यामुळे जिवंत आहे. यजमानांनी या गेंड्याचे छायाचित्र काढले नाही.

येथे एक सूचना करणे अगत्याचे वाटते. दक्षिण आफ्रिकेत काही खासगी ठिकाणी सिंहाची पिल्ले मांडीवर घेऊन छायाचित्र काढण्याची सोय असते. बंदिवासात वाढविलेले हे सिंह मोठे झाल्यावर पुष्कळदा कुंपणातच पैसे देणाऱ्या शिकाऱ्यापुढे सोडले जातात. तेथील सरकारने हा धंदा बंद करण्याचा मनोदय २०२१ मध्ये जाहीर केला आहे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत असे ठिकाण असेल, तर ते काढून टाकण्यास सांगावे. या दांपत्याने तसे लेखी कळविले आणि कंपनीने ते मान्य केले.

चौविहाराचा प्रश्न अपेक्षेपेक्षा सहज सुटला. सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास आणि फाटक बंद होण्याची वेळ सहा. त्यामुळे दुपारी चारपर्यंत परत फिरून कुकरवर खिचडी शिजवायची, असा क्रम बसला. तिकडील लोकांचे मुख्य अन्न म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. दक्षिण आफ्रिकेत तिला ‘पाप’ म्हणतात. नाव ऐकून हसू आले तरी पदार्थ निर्दोष आहे, आणि सोबत लाल भोपळ्याची भाजी सर्वत्र मिळते. बाईंनी घरी येऊन ही उकड दोनदा केली आहे.

पुढचा टप्पा विमानाने व्हिक्टोरिया फॉल्स या झिम्बाब्वेतील गावी. तेथून एक दिवस बोट्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यानाला दिला. बोट्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. कोणत्याही एका देशातील ही सर्वांत मोठी संख्या. चोबे नदीतून नाव संथपणे जात असताना हत्तींचा एक कळप पाण्यात उतरला. पुढे वयोवृद्ध हत्तीण, मागे माद्या, मध्ये पिल्ले. कळपाचा कारभार तीच पाहते. लहान पिल्लाची फक्त सोंड पाण्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी दोन माद्या त्याला सावरून पोहत होत्या. वाटाड्याने सांगितले की, हत्ती एकमेकांशी अशा खालच्या स्वरात बोलतात की तो माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. बाईंनी हे यजमानांच्या डाव्या कानाशी मोठ्याने सांगितले. “म्हणजे इथे सगळेच माझ्यासारखे,” असे ते म्हणाले.

आणि मग तो धबधबा. झांबेझी नदी १,७०८ मीटर रुंदीच्या कड्यावरून १०८ मीटर खाली एका चिंचोळ्या घळीत कोसळते. स्थानिक नाव ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर. पाणी सर्वाधिक असते ते मार्च ते मे या काळात. तेव्हा तुषारांमुळे समोरचे काही दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कडा बराचसा कोरडा पडतो. ऑगस्टमध्ये पाणीही असते आणि दृश्यही दिसते.

डेव्हिड लिव्हिंगस्टनने हा धबधबा १६ नोव्हेंबर १८५५ रोजी पाहिला आणि राणीचे नाव दिले, एवढे शालेय पुस्तकात असते. बाई वर्गात त्यापुढचेही सांगत असत. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी आश्रम चालविला होता. तेथे शिकलेला जेकब वेनराइट हा तरुण लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या दिवसांत त्याच्या पथकात होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले त्यावर नाव व तारीख कोरली ती वेनराइटने. सहकाऱ्यांनी देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा मुलगाही होता. धबधब्यापाशी लिव्हिंगस्टनचा भव्य पुतळा आहे. त्याच्यापाशी उभे राहून बाईंनी सोबतच्या सहप्रवाशांना ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांतील नाशिककर कुटुंबालाही ती नवी होती.

कड्याच्या अगदी समोर पाण्याचा आवाज इतका होता की सोबतच्या कोणाचेही बोलणे कोणाला कळेना. लोक खुणा करीत होते. बाई काही तरी म्हणाल्या आणि यजमानांनी लगेच उत्तर दिले. त्या आश्चर्यचकित झाल्या. चव्वेचाळीस वर्षे मागांच्या गदारोळात कामगारांचे ओठ पाहून बोलणे ओळखायची सवय. तेथे ती कामी आली. “आवाज थेट आपल्या कारखान्यासारखा आहे, छातीत लागतो,” ते म्हणाले. हे मात्र बाईंना ऐकू आले नाही, त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले. माग गेल्यानंतर कारखान्याविषयी ते स्वतःहून बोलले, ती ही पहिली वेळ. त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी पहिला माग कोणाकडून घेतला, तो अंबाडी नाक्यावरून बैलगाडीत कसा आणला, येथपासून सर्व सांगितले.

केपटाऊनचे चार दिवस सुखाचे गेले. टेबल माउंटनवर तारयानाने जाता येते, गुडघ्यांना त्रास होत नाही. सायमन्स टाउनजवळच्या किनाऱ्यावरील पेंग्विन पाहून बाईंना नातवंडांची आठवण झाली. रॉबेन बेटावर मंडेलांनी सत्तावीसपैकी अठरा वर्षे काढली ती कोठडी दोघांनी पाहिली. तिची लांबी-रुंदी यजमानांनी पावलांनी मोजली आणि दोन मागांची जागा एवढेच म्हटले.

सप्टेंबर २०२४ मध्ये यजमानांनी श्रवणयंत्र बसवून घेतले. पहिले काही दिवस गाड्यांचे भोंगे असह्य झाल्याने ते काढून ठेवत. आता सकाळी फिरताना लावतात आणि कोकीळ ऐकू आला की थांबतात. मुलाच्या कर्जाचे हप्ते वेळेवर चालू आहेत. सहलीच्या वेळी वसूल झालेला कर पुढील वर्षी विवरणपत्रात दोघांच्याही नावे दिसला आणि बाईंच्या खात्यात त्यातील मोठा भाग परत आला. ती रक्कम त्यांनी वेगळी ठेवली आहे. पुढचा बेत ताडोब्याचा आहे. मे महिन्याचे आरक्षण करावे की फेब्रुवारीचे, एवढाच वाद सध्या घरात चालू आहे.